पुन्हा चौऱ्याण्णव

माझ्या डाव्या डोळ्यानं अजून नीट दिसत नाही, म्हणून हे मी बोलतेय आणि माझी मुलगी प्रज्ञा लिहून घेतेय. ज्यांनी एकदा मोठ्या हिमतीनं वजन उतरवलं, चार लोकांकडून कौतुक करून घेतलं आणि मग ते सगळं परत अंगावर आलं, त्यांच्यासाठी हे आहे. पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यांदा सुरुवात करणारा माणूस तोंड लपवून बसलेला असतो. मीही बसले होते, आणि त्या बसण्यात माझी दीड-दोन वर्षं गेली.

मी छाया. वय सत्तेचाळीस. जालन्यात मस्तगडला माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. नवरा सळईच्या कारखान्यात कामाला.

धागा

लगीनसराईचे दिवस होते. मशीनवर नवरीचा ब्लाउज होता. पांढऱ्या अस्तरावर मला एक काळा धागा दिसला. चिमटीत धरायला गेले, हाती आला नाही. फुंकर मारली, कापड झटकलं. धागा कापडावरून माझ्या मनगटावर आला, तिथून समोरच्या भिंतीवर गेला. मी जिकडे बघेन तिकडे तो.

शेजारच्या गाळ्यात शमीम आपा साड्यांना फॉल-पिको करतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना हाक मारली.

"आपा, एवढा धागा काढा बरं. माझ्या हाती येऊन न्हाई राह्यला."

त्यांनी अस्तर उजेडाकडे धरलं, उलटंपालटं केलं. "कुठं हाय धागा? कपडा बिलकुल साफ हाय, छाया."

मी उजवा डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्यासमोर एकाचे चार धागे झाले होते आणि खालून तांबूस धूर वर चढत होता. आपांचा चेहरा त्या धुरात अर्धा बुडाला होता. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आपा," मी म्हटलं, "मला तुम्ही अर्ध्याच दिसून राह्यल्या."

आपांनी माझ्या मशीनचं बटण बंद केलं आणि माझ्या नवऱ्याला फोन लावला.

तपासणी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचं औषध घालून तासभर बसवतात. मग समोरचं सगळं पुसट होतं आणि ऐकू मात्र जास्त येतं. शेजारी वडीगोद्रीचे एक म्हातारे शेतकरी होते. ते त्यांच्या बायकोला सांगत होते, "आधी वाटलं चष्म्याला घाम आला. मी चष्माच पुशीत बसलो सहा महिने." मी तिथून उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिलं.

"साखर कधीपासून आहे?"

"नऊ वर्षं झाली."

"गोळ्या चालू आहेत?"

नवराच बोलला. "मधी सोडल्या हिनं. बारीक झाल्ती ना, तवा रिपोर्ट चांगला आल्ता. बरी झाले म्हणली."

"ताई, डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "उजव्यातही सुरुवात आहे. तुम्हाला अजून जाणवत नाही, एवढंच."

त्यांचं बाकीचं बोलणं माझ्या कानावरून गेलं. उजव्या डोळ्याच्या भरवशावर तर मी तिथपर्यंत चालत आले होते.

मग त्यांनी साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथल्या सिस्टरनं वजनकाट्यावर उभं केलं. डोळ्यांत औषध असल्यानं मला आकडा दिसत नव्हता, म्हणून तिनं मोठ्यानं वाचला. "चौऱ्याण्णव."

पाच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा वजन कमी करायला लागले, तेव्हाही काट्यावर हाच आकडा होता. मधे मी एकवीस किलो उतरवले होते. त्यातला एकही माझ्याकडे उरला नव्हता.

पहिली वेळ

ती पहिली वेळ कशी होती ते सांगायला हवं, कारण तिनंच माझा घात केला.

मी एकदम सगळं सोडलं होतं. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी काकडी, रात्री नुसतं ताक. पहाटे तळ्यापर्यंत जाऊन यायचं, संध्याकाळी परत. आठ महिन्यांत त्र्याहत्तरवर आले. गिऱ्हाइकं विचारायची, "छायाताई, काय केलंत हो?" विहारात कार्यक्रमाला गेले की बायका माझ्या खांद्याला हात लावून बघायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, साखरेपेक्षा मला तेच जास्त आवडायचं.

त्या भरात मी माझे सगळे ब्लाउज उसवून लहान केले आणि आतलं जास्तीचं कापड कात्रीनं कापून टाकलं. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आले होते की आत दोन बोटं कापड राहू द्या, अंग कमी-जास्त होतं. स्वतःच्या वेळी मला त्याची गरज वाटली नाही.

मग पावसाळ्यात गुडघा धरला आणि पंधरा दिवस चालणं बंद झालं. त्याच सुमारास माझी मोठी बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, तिच्या किडन्या गेल्याचं कळलं. अक्का धावड्याला दिलेली. साखर तिलाही, माझ्या आधीपासून. आठवड्यातून दोनदा ती डायलिसिसला जालन्याला यायची आणि मी तिच्याजवळ बसायचे. चार तास मशीनचा आवाज ऐकत बसायचं आणि दवाखान्याबाहेर येऊन वडे नि गोड चहा घ्यायचा. वजनाचा काटा मी पलंगाखाली सरकवला. ब्लाउज दंडात रुतायला लागले तेव्हा नवे शिवले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणायला लागले, "थायरॉइड हाय म्हणत्यात."

मला थायरॉइड नव्हतं.

हिरवा उजेड

उपचार म्हणजे लेझर. हनुवटी एका टेकूवर ठेवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि हलायचं नाही. मग डोळ्यात हिरवे उजेड आदळतात, एकामागून एक. प्रत्येक उजेडाला डोक्याच्या मागं एक कळ उठते. दर वेळी मोजायचं ठरवायचे आणि मधेच मोजणी चुकायची. दोन्ही डोळे मिळून बऱ्याच वेळा जावं लागलं. मधे डाव्या डोळ्यात इंजेक्शनंही झाली. तिथं एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या दर वेळी माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या आवाजाकडं बघा." आवाजाकडं बघता येत नाही, पण त्या म्हणाल्या की येत होतं. मला त्यांचा चेहरा सांगता येणार नाही. मी तो कधी स्पष्ट पाहिलाच नाही.

घरी आल्यावर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, उशी उंच घेऊन झोपायचं. प्रज्ञा कॉलेजला जायच्या आधी डोळ्यांत थेंब घालायची. पहिला थेंब नेहमी गालावर पडायचा.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं होतं, "मॅडम, मी दोन महिन्यांत वजन खाली आणून दाखवते. मी आधी केलेलं आहे."

त्या म्हणाल्या, "तसं करायचं नाही. तुमच्या डोळ्यांची आत्ताची अवस्था बघता साखर एकदम खाली आली तर नुकसान होईल. गोळ्या रोज, जेवण तीन वेळा, वजन हळूहळू. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी पुरे."

मला वाटलं, या बाई माझी थट्टा करतायत. आग लागलीय आणि पाणी वाटीनं टाका म्हणतात. मला जमत होतं ते फक्त एका झटक्यात करणं. तेच नेमकं बंद झालं होतं.

ताटावरचा पहारा

नवरा वाईट माणूस नाही, पण घाबरला की रागावतो. त्यानं साखरेचा डबा माळ्यावर टाकला. माझ्या ताटात किती भाकरी आहेत ते बघत बसायचा.

"तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली असती का?" एकदा जेवताना म्हणाला.

"पप्पा," प्रज्ञा म्हणाली.

"मंग काय चुकीचं बोललो? एकदा करून दाखवलं ना हिनं? येतं हिला. करायचं न्हाई, हे हाय."

मी ताट सरकवून उठले. त्याचं म्हणणं मला लागलं, कारण मी स्वतःला हेच म्हणत होते, त्याच शब्दांत.

भीतीनं माणूस सुधारतो असं लोकांना वाटतं. माझी भीती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी एका गिऱ्हाइकानं मुलाच्या साखरपुड्याची बालूशाही आणून दिली आणि मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, कापडाच्या गठ्ठ्याआड बसून तिचे सहा नग खाल्ले. चवही लागली नाही. शमीम आपा शटरखालून वाकून आत आल्या. त्यांनी रिकामा खोका पाहिला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार.

त्या समोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दुपारचं खाणं कधी खातीस तू?"

"वेळ मिळंल तवा."

"उद्यापासून एक वाजता माझ्याकडं डबा घेऊन यायचं. मी पण एकटीच खाते. चार घास गिळते आन् मशीनवर बसते."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून एक वाजता आम्ही दोघी त्यांच्या गाळ्यात चटईवर बसायला लागलो. आधी भाजी, मग डाळ, मग एक भाकरी. पोट भरून जेवले की चार वाजता हात खोक्याकडे जात नाही, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. पहिल्या वेळी मी भुकेशी भांडून जिंकले होते, आणि भूक माझ्यापेक्षा जास्त दिवस टिकली होती.

पहिल्या महिन्यात आठशे ग्रॅम उतरले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अक्का

अक्का डायलिसिसला आली की मी आता बाहेर न जाता डबा घेऊन तिच्याजवळ बसायचे. तिचा रंग मातीसारखा झाला होता. हाताची नस फुगून दोरखंडासारखी वर आलेली. एक दिवस तिनं विचारलं, "कितीवर आली?"

"ब्याण्णव."

"हळूच चालून राह्यलं."

"हळूच करायला सांगितलंय. अक्का, लाज वाटती गं. लोक म्हणतील, ही परत लागली. परत सुटंल."

अक्कानं छताकडे पाहिलं.

"छाये, मी चार बार सुरू केल्तं," ती म्हणाली. "तुला ठाव न्हाई. जाऊबाईला ठाव व्हतं. चौथ्या बारीला ती हसली. वाईट हसली न्हाई, आपली सहज हसली. मंग पाचव्यांदा मी केलंच न्हाई. म्हणलं, कशाला हसू करून घ्यायचं?" तिनं नळ्या लावलेला हात जरासा हलवला. "त्या एका हसण्यापायी."

मशीनचा आवाज चालू होता.

"तू कितव्यांदा हाय, मोजू नको," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

अक्का भाद्रपदात गेली. धावड्याहून निघालेली जीप वाटेत होती आणि ती जीपमध्येच, भावजींच्या खांद्यावर. मला फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या दारात तिची वाट बघत उभी होते. त्यानंतर बराच वेळ मी तिथंच उभी राहिले, कारण पायरी कुठं संपते ते माझ्या डोळ्यांना कळत नव्हतं आणि हात धरायला कुणी नव्हतं.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत मी धावड्याला राहिले. आल्या-गेल्याबरोबर चहा, भात, बुंदी. गोळ्या पिशवीतच राहिल्या. रडायचे आणि खायचे. खाताना मला नीट माहीत होतं मी काय करतेय. हे लिहायला प्रज्ञा नको म्हणत होती, मी म्हटलं लिही. पहिल्या वेळचं माझं सगळं अक्काच्या दुखण्यात बुडालं होतं. आता तिच्या मरणात दुसऱ्या वेळचंही बुडत होतं आणि मी काठावर बसल्यासारखी बघत होते.

जालन्याला परतल्यावर वजनाचा काटा बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यासमोर काहीतरी हललं. बारीक, केसाएवढं. मी भिंतीकडे पाहिलं, ते भिंतीवर गेलं. छताकडे पाहिलं, तिकडे गेलं.

मी कुणाला हाक मारली नाही. उठून गोळी घेतली. डबा भरला. कसला निश्चय वगैरे केला नाही, पाटीवर काही लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. एक वाजता आपांच्या गाळ्यात जाऊन बसले. त्यांनी चटई आधीच टाकली होती. मी नव्हते त्या दिवसांत रोज टाकत होत्या का, ते मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. उजव्यात थोडं रक्त आलं होतं. परत हिरवे उजेड.

चालणं

डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं, पण मला एकटीला सोडायची घरच्यांची तयारी नव्हती. डाव्या बाजूनं गाडी आली तर मला ती अंगावर आल्यावरच कळते. मग नवरा म्हणाला, "मी येतो." रागानंच म्हणाला. कारखान्याच्या पाळीप्रमाणे कधी सकाळी, कधी संध्याकाळी आम्ही निघायला लागलो. त्यानं माझं कोपर धरायचं, "खड्डा हाय," "इथं पायरी हाय," एवढंच बोलायचं. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी सोबत चाललो नव्हतो. थंडी पडेपर्यंत मी शहाऐंशीवर आले. तो माझ्या ताटाकडे बघायचा बंद झाला. कधी ते माझ्या लक्षात आलं नाही.

मागच्या तपासणीला डाव्या डोळ्यानं मी तक्त्याच्या वरच्या तीन ओळी वाचल्या. उजव्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. "बघू," म्हणतात. त्या "बघू"ला मी आता सरावले आहे.

हे सगळं मी आठ दिवसांपूर्वीच सांगून संपवणार होते. पण गेल्या रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं गेलो. उन्हं वर आली होती. परतताना नवरा दोन पावलं पुढं झाला. मी खाली बघत, जपून चालत होते आणि माझ्या पायाला त्याची चप्पल लागली. डाव्या पायाची. मी ती उचलली आणि वर पाहिलं. तो तसाच चालला होता, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, गिट्टीवरून.

"अहो," मी म्हटलं. "तुमची चप्पल."

तो थांबला. खाली पायाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "कवा निघाली?"

"तुम्हाला कळलं न्हाई?"

मी त्याला बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. मला दिसत कमी असलं तरी बोटांना कळतं. टाचेच्या कडेला बाभळीचा काटा होता, पुरता आत गेलेला. भोवतीचं कातडं फुगून गरम लागत होतं. तो आजचा नव्हता.

"हितं दुखतं?" मी दाबून विचारलं.

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई," तो म्हणाला. "लई दिवस झाले छाया, पाय जड जडच हाय. मला वाटलं कारखान्यात उभं राहून राहून."

अक्काचंही पायापासूनच सुरू झालं होतं. मी ते बोलले नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अर्ध्या डोळ्यानंही ओळखू आलं. दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्या चेहऱ्यावर तेच असणार. रागवायचं, टोमणा मारायचा माझ्या एकदाही मनात आलं नाही. तो पोटावर हात ठेवून बसला होता. ते पोट मी रोज बघत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

काटा आम्ही तिथं काढला नाही. सरळ दवाखान्यात गेलो. काटा निघाला, जखम साफ झाली आणि साखर तपासायला त्याचं रक्त घेतलं. रिपोर्टवरचा आकडा सिस्टरनं दोनदा तपासला. मग त्याला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. तो काट्यावर चढेना. खाली मान घालून उभा राहिला.

मी त्याचं कोपर धरलं. "चढा," मी म्हटलं. "हितं पायरी हाय."